छोट्या मायक्रोकंट्रोलरवर सी++ चे क्लास चालतात का? पंप कंट्रोलरचा सी मधला कोड हलवायचा विचार आहे

ठिबकवाला यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, पण अर्धवट लिहिलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळंच लिहितोय.

आम्ही शेतीपंपासाठी कंट्रोलर बनवतो, थ्री फेज मोटरच्या स्टार्टर पेटीत बसणारा. आत एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलर आहे, ७२ मेगाहर्ट्झ, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम, वर फ्रीआरटीओएस, म्हणजे वेगवेगळी कामं (टास्क) प्रायोरिटीप्रमाणे चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. तिन्ही फेज आहेत का ते बघणं, करंट मोजणं, विहिरीचं पाणी संपून मोटर कोरडी फिरायला लागली तर बंद करणं, ठिबकचे व्हॉल्व्ह पाळीने उघडणं आणि हे सगळं मॉडेमवरून शेतकऱ्याच्या मोबाईलवर कळवणं, एवढी कामं. यातलं खरं रिअल टाइम, म्हणजे ठरल्या वेळेत व्हायलाच हवं असं, एकच, एक फेज गेला की २०० मिलिसेकंदांच्या आत कॉन्टॅक्टर सुटलाच पाहिजे अशी आमची अट आहे, कारण मोटर दोन फेजवर घुमत राहिली की वाइंडिंग जळतं आणि ऐन उन्हाळ्यात रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या गळ्यात पडतो, वर पीक वाळतं ते वेगळंच.

कोड सगळा सी मध्ये आहे. सुरुवातीला एकच मॉडेम होता, एकच स्टार्टर. आता टूजी मॉडेम आहे, फोरजी कॅट-वन आहे, डीओएल स्टार्टर आहे, स्टार-डेल्टा आहे, ओलावा मोजायचा सेन्सर कुठे ४-२० मिलिअँपवर तर कुठे आरएस-४८५ वर मॉडबस बोलतो. प्रत्येक फाइलमध्ये हॅश-इफडेफ (कोणता कोड बिल्डमध्ये घ्यायचा ते ठरवणाऱ्या अटी) माजलेत आणि मॉडेम बदलला की व्हॉल्व्हच्या फाइललाही हात लावावा लागतो, असं का होतं ते आता कुणाला धड सांगताही येत नाही.

टीममधल्या एका नव्या इंजिनिअरचं म्हणणं, सी++ वर जाऊ, मॉडेम नावाचा एक बेस क्लास करू आणि प्रत्येक मॉडेम त्याच्यातून काढू, स्टार्टरचं आणि सेन्सरचं तसंच. आमचे सीनियर सर म्हणतात रिअल टाइममध्ये ऑब्जेक्ट ओरिएंटेड चालत नाही, व्हर्च्युअल फंक्शन (कोणत्या क्लासचं चालवायचं ते चालतानाच ठरणारं) स्लो असतं, हीप (चालताना मागून घ्यायची मेमरी) लागते, सहा महिने शेतात चालल्यावर मेमरीचे तुकडे होऊन बोर्ड हँग होणार आणि तो रिसेट करायला रात्री बांधावर कोण जाणार. दोघांचंही पटतंय, हीच अडचण आहे. मला आकड्यात समजून घ्यायचंय. व्हर्च्युअल कॉलला नेमका किती वेळ जातो, हीपशिवाय क्लास वापरता येतात का, आणि इंटरप्टचं, म्हणजे हार्डवेअरची हाक आली की चालू काम थांबवून चालणाऱ्या कोडचं, काय करायचं? ज्यांनी प्रत्यक्ष प्रॉडक्टमध्ये केलंय त्यांनी जरूर लिहा.

—

मॅपफाइल_वाचक यांचं उत्तर:

ठिबक भाऊ, सीनियर सरांची भीती योग्य जागी आहे पण दोन वेगळ्या गोष्टी त्यात एकत्र झाल्यात, त्या आधी सुट्या करू.

व्हर्च्युअल कॉल घ्या. तुमच्या कॉर्टेक्स-एम३ वर साधा कॉल म्हणजे एक ब्रँच. व्हर्च्युअल कॉलमध्ये त्याआधी दोन लोड जास्त, पहिला ऑब्जेक्टमधून व्हीटेबलचा (क्लासच्या व्हर्च्युअल फंक्शनांच्या पत्त्यांच्या टेबलचा) पत्ता उचलतो आणि दुसरा व्हीटेबलमधून फंक्शनचा पत्ता. व्हीटेबल फ्लॅशमध्ये असतं आणि ७२ मेगाहर्ट्झला या चिपवर फ्लॅशला दोन वेट स्टेट लागतात, ते धरून सगळं मिळून पाच ते दहा सायकल समजा. एक सायकल साधारण १४ नॅनोसेकंद, म्हणजे जास्तीचा खर्च १०० नॅनोसेकंदांच्या आसपास. तुमची अट २०० मिलिसेकंदांची आहे, बाकी हिशोब तुम्हीच करा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, चिपमध्ये डीडब्ल्यूटी सायकल काउंटर आहे, कॉलच्या आधी आणि नंतर वाचून वजाबाकी करा, पाच मिनिटांचं काम आहे. खरा तोटा वेगळ्याच ठिकाणी होतो, आत नक्की काय आहे हे कंपायलरला माहीत नसल्यामुळे तो फंक्शन इनलाइन करू शकत नाही, म्हणजे कॉल टाळून त्याचा कोड जागीच बसवू शकत नाही. पिन वर-खाली करण्यासारखं एका ओळीचं काम व्हर्च्युअल केलंत तर एका स्टोअर इन्स्ट्रक्शनच्या जागी पूर्ण कॉलचा पसारा येतो, आणि तेच जर सेकंदाला लाखो वेळा होत असेल तर जाणवतं. मॉडेमला एटी कमांड पाठवायच्या कामात कधीच जाणवणार नाही.

रॅमचा खर्च प्रत्येक ऑब्जेक्टमागे ४ बाइट, तो व्हीटेबलचा पॉइंटर. तुमच्याकडे असे ऑब्जेक्ट किती असणार, वीस? ८० बाइट झाले.

आता हीप. क्लासला हीप लागते हा गैरसमज आहे, हीप लागते न्यू ला, म्हणजे चालताना नवा ऑब्जेक्ट बनवणाऱ्या ऑपरेटरला. सगळे ऑब्जेक्ट ग्लोबल किंवा स्टॅटिक ठेवा, कोणता मॉडेम आहे ते सुरुवातीलाच ओळखा आणि बेस क्लासचा रेफरन्स पुढे द्या, कुठेही न्यू लिहायची गरज पडत नाही. फ्रीआरटीओएसमध्येही आवृत्ती ९ पासून टास्क आणि क्यू (टास्कमधल्या निरोपांच्या रांगा) स्टॅटिक मेमरीत बनवता येतात, तेच वापरा. स्टँडर्ड लायब्ररीतलं स्ट्रिंग, व्हेक्टर, मॅप, फंक्शन नावाचा टाइप (std::function) हे सगळं आतून हीप मागू शकतं, ते बंद. अॅरे, स्पॅन, टाइप ट्रेट्स हे बिनधास्त वापरा. ठराविक मापाचे कंटेनर हवेत तर एम्बेडेड टेम्प्लेट लायब्ररी बघा, त्यात व्हेक्टरची कमाल लांबी कंपाइल करतानाच द्यावी लागते.

एक जागा सांगून ठेवतो जिथे बरेच जण अडकतात आणि मग सी++ लाच नावं ठेवतात. नो-एक्सेप्शन्स (एरर फेकायची सोय बंद) आणि नो-आरटीटीआय (चालताना टाइप ओळखायची सोय बंद) हे दोन्ही कंपायलर फ्लॅग लावूनही बायनरी अचानक कित्येक केबीने फुगते. कारण असं की बेस क्लासमध्ये प्युअर व्हर्च्युअल फंक्शन (ज्याचा कोड खालच्या क्लासनेच द्यायचा असं) असलं की लिंकर सीएक्सए-प्युअर-व्हर्च्युअल नावाचं एक फंक्शन लायब्ररीतून उचलतो, त्याच्या शेपटीला टर्मिनेट हँडलर येतो आणि त्याच्या मागे नावं उलगडून छापणारा अख्खा डीमँगलर येतो, कारण तयार मिळणारी लायब्ररी एक्सेप्शनसकट बिल्ड केलेली असते, तुमचे फ्लॅग तिला लागूच होत नाहीत. उपाय एका ओळीचा, ते फंक्शन तुम्हीच लिहा, आत सिस्टिम रिसेट करा. तसंच व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर लिहिलात की कंपायलर डिलीट ऑपरेटरला हाक मारणारं एक रूप आपणहून बनवतो आणि त्याच्या मागोमाग फ्री आणि मॅलॉक ही हीपची फंक्शन आत शिरतात, तुम्ही आयुष्यात एकदाही डिलीट लिहिलं नसलं तरी. इंटरफेस क्लासचा डिस्ट्रक्टर प्रोटेक्टेड आणि नॉन-व्हर्च्युअल ठेवा, खालच्या क्लासला फायनल लावा, प्रश्न मिटला. फायनलचा अजून एक फायदा, कंपायलरला खात्री पटली तर तो व्हर्च्युअल कॉल सरळ कॉलमध्ये बदलून टाकतो.

दर बिल्डनंतर मॅप फाइल (बायनरीत काय काय आलं त्याची लिंकरने दिलेली यादी) उघडून मॅलॉक हा शब्द शोधायचा. सापडला तर कुणी आणला ते तिथेच कळतं.

—

कोल्हापूरचा_सी यांचं उत्तर:

वरचं सगळं बरोबर आहे, पण बघा ना, एक इंटरफेस सुखाने वापरायला किती पथ्यं सांगावी लागली. हे फ्लॅग, ते फंक्शन स्वतः लिहा, डिस्ट्रक्टर असा नको, ही लायब्ररी नको. टीममध्ये सी++ नीट येणारा एक माणूस आहे आणि उद्या तो दुसरीकडे गेला तर ही पथ्यं कोण पाळणार?

ऑब्जेक्ट ओरिएंटेड हवं तर ते सी मध्येही होतं आणि छान होतं. लिनक्स कर्नल बघा, फाइल ऑपरेशन्स नावाचं स्ट्रक्चर आहे, त्यात ओपन, रीड, राइट यांचे फंक्शन पॉइंटर, प्रत्येक ड्रायव्हर आपापलं टेबल भरून देतो. झेफिर आरटीओएसमध्ये डिव्हाइस स्ट्रक्चरच्या आत ड्रायव्हरच्या एपीआयचा पॉइंटर असतो, तोच प्रकार. हे हाताने बांधलेलं व्हीटेबलच आहे, कॉन्स्ट लिहिलं की फ्लॅशमध्ये बसतं, डीबगरमध्ये उघडं दिसतं, कंपायलर पाठीमागे काही करत नाही. तुमच्या पाच-सहा कामांसाठी मॉडेमऑप्स, स्टार्टरऑप्स, सेन्सरऑप्स अशी तीन स्ट्रक्चर पुरतात. आणि एका बोर्डवर एकच मॉडेम असणार हे बिल्ड करतानाच पक्कं असेल तर फंक्शन पॉइंटरही नकोत, हेडर एकच ठेवा, मॉडेमप्रमाणे सी फाइल वेगवेगळी, मेकफाइल ठरवेल कोणती लिंक करायची. हॅश-इफडेफ तिथल्या तिथे संपतात आणि खर्च शून्य.

तुमचं खरं दुखणं भाषेत नाहीये असं मला मनापासून वाटतं. मॉडेम बदलल्यावर व्हॉल्व्हच्या फाइलला हात लावावा लागतो, म्हणजे व्हॉल्व्हच्या कोडमध्ये कुणीतरी थेट मॉडेमची नावं लिहिलीत. ते तसंच ठेवून क्लास केलेत तर तोच गुंता सी++ मध्ये होईल, फक्त वाचायला अजून अवघड.

—

म्युनिकहून_एक यांचं उत्तर:

मी मूळचा नाशिकचा, इथे गाड्यांच्या कंट्रोल युनिटवर काम करतो, घरची द्राक्षबाग असल्याने ठिबकचा विषय बघून थांबलो.

कोल्हापूरकरांचा शेवटचा मुद्दा खरा आहे, पण सी++ मुळे टीम अडचणीत येईल ही भीती जुनी आहे आणि तिचं उत्तर बऱ्याच लोकांनी शिस्तीने दिलंय. नव्वदच्या दशकात जपानी चिप कंपन्यांनी, म्हणजे तोशिबा, हिताची, फुजित्सू, एनईसी यांनी मिळून एम्बेडेड सी++ नावाची छाटलेली भाषा काढली. एक्सेप्शन, आरटीटीआय, मल्टिपल इन्हेरिटन्स काढलं आणि सोबत टेम्प्लेट आणि नेमस्पेसही काढले. नेमस्पेसला चालताना काडीचा खर्च नाही आणि टेम्प्लेट तर सगळं काम कंपाइल करतानाच उरकतात. म्हणजे खर्च कुठे आहे हे न मोजता जे अवघड दिसलं ते कापलं, आणि ती वाट पुढे फारशी चालली नाही. त्याउलट एफ-३५ विमानासाठी लॉकहीड मार्टिनने २००५ मध्ये कोडिंगचे नियम काढले त्यात भाषा पूर्ण ठेवली आणि वापरावर बंधन घातलं, एक्सेप्शन नाहीत, आणि इनिशियलायझेशन झाल्यानंतर हीपमधून मेमरी घ्यायची नाही आणि परतही करायची नाही. क्लास, व्हर्च्युअल, टेम्प्लेट सगळं चालतं. ते काम करताना खुद्द सी++ चे कर्ते बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांचीही मदत होती. आमच्याकडे गाड्यांमध्ये आधी मिस्रा सी++ २००८, मग ऑटोसार सी++१४ आणि आता मिस्रा सी++ २०२३ हे नियमसंच त्याच विचाराचे.

पण ठिबकवाले, मला तुम्हाला वेगळीच गोष्ट सांगायचीय, कारण व्हीटेबलच्या सायकल मोजण्यात सगळे रमतात आणि ही राहून जाते. इन्हेरिटन्समध्ये बेस क्लास एक वचन देतो. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेलं तत्त्व म्हणजे बेसच्या जागी खालचा कोणताही ऑब्जेक्ट ठेवला तरी वापरणाऱ्याला धक्का बसता कामा नये. साध्या सॉफ्टवेअरमध्ये याचा अर्थ उत्तर बरोबर आलं पाहिजे एवढाच घेतला जातो. रिअल टाइममध्ये वेळ हा त्या वचनाचाच भाग आहे. आता तुमच्या मॉडेमच्या बेस क्लासमध्ये पाठव नावाचं फंक्शन आहे असं धरू. टूजीवालं फंक्शन मजकूर बफरमध्ये टाकून लगेच परत येतं, आणि फोरजीवाल्यामध्ये कुणीतरी ओके उत्तर येईपर्यंत थांबायचं लिहिलं. दोन्ही कंपाइल होतात, दोन्ही टेबलावर चालतात. मग शेतात रेंज नाही, फोरजी पाच सेकंद अडकून बसतो आणि ज्या टास्कने त्याला हाक मारली तो टास्कही पाच सेकंद अडकतो. त्याच टास्कमध्ये करंट वाचायचं काम असेल तर तेवढा वेळ ड्राय रन (मोटर कोरडी फिरणं) कुणी बघतच नाहीये. हा दोष व्हर्च्युअल कॉलच्या १०० नॅनोसेकंदांचा नाही, पण पॉलिमॉर्फिझमचा नक्की आहे, कारण हाक मारणाऱ्याला समोर कोण आहे ते दिसत नाही.

विमानांच्या सॉफ्टवेअरचं डीओ-१७८सी २०११ मध्ये आलं तेव्हा ऑब्जेक्ट ओरिएंटेड तंत्रासाठी डीओ-३३२ ही वेगळी पुरवणीच काढावी लागली आणि खालचा क्लास वरच्याची जागा खरोखर घेऊ शकतो हे दाखवून द्या, ही त्यातली महत्त्वाची मागणी आहे. सगळ्यात वाईट केसचा वेळ काढताना व्हर्च्युअल कॉल दिसला की त्याचे जेवढे ओव्हरराइड (खालच्या क्लासनी लिहिलेली रूपं) आहेत त्यातला सर्वात हळू धरायचा. म्हणून इंटरफेसच्या हेडरमध्येच प्रत्येक फंक्शनवर लिहा, हे थांबतं का, जास्तीत जास्त किती वेळ घेतं, इंटरप्टमधून बोलवता येतं का. आणि तीच मर्यादा प्रत्येक मॉडेमसाठी टेस्टमध्ये तपासा. इन्हेरिटन्सची उतरंडही एकाच पातळीची ठेवा, वर इंटरफेस, खाली प्रत्यक्ष क्लास, बस. आजोबा-पणजोबा क्लास आले की कुणाचं फंक्शन चालतंय हे शोधण्यातच दिवस जातो.

—

ठिबकवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सरांनाही हा धागा दाखवला, त्यांनी म्युनिकच्या दादांचा मुद्दा दोनदा वाचला.

आम्ही कोडची वेगळी प्रत (ब्रँच) काढून मॉडेम आणि स्टार्टर क्लासमध्ये हलवून बघतोय आणि दोन गोष्टींवर अडलोय. टायमरचा इंटरप्ट ज्या फाइलमध्ये आहे तिचं एक्स्टेन्शन सीपीपी केल्यापासून टायमर चालू करताच बोर्ड डीफॉल्ट हँडलरमध्ये जाऊन अडकतो, कोड एका अक्षरानेही बदललेला नाही. दुसरं, स्टार्टर क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये रिलेची पिन लो केली आणि एक क्यू बनवली. पिन लो होतच नाही, आणि नंतर मेनमध्ये हॅल-डिले (चिपच्या लायब्ररीतलं ठराविक वेळ थांबायचं फंक्शन) आला की तिथेच कायमचा थांबतो. क्यूची ओळ काढली की डिले चालतो. याचं कारण कुणी सांगेल का?

—

मॅपफाइल_वाचक:

दोन्हीची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं, सी++ कंपायलर फंक्शनच्या नावात पॅरामीटरची माहिती मिसळून नाव बदलतो. स्टार्टअप फाइलमधल्या व्हेक्टर टेबलला हवंय जुनं साधं नाव. ते सापडलं नाही तरी लिंकर ओरडत नाही, कारण प्रत्येक हँडलरसाठी तिथे वीक (खरं सापडलं तर बाजूला होणारं) नाव आधीच डीफॉल्ट हँडलरला जोडून ठेवलेलं असतं, आणि त्यात असतो एक न संपणारा लूप. हँडलरला एक्स्टर्न सी लावा, म्हणजे नाव साधंच राहतं, चालेल. इंटरप्टमधून ऑब्जेक्टकडे जायचं तर हँडलर साधं फंक्शन ठेवा आणि त्यातून त्या एका स्टॅटिक ऑब्जेक्टच्या मेंबरला हाक मारा, कारण हार्डवेअर काही धिस पॉइंटर (कोणता ऑब्जेक्ट ते सांगणारा पत्ता) देत नाही. फ्रीआरटीओएसच्या टास्कचंही तसंच, तिथे निदान पॅरामीटर म्हणून व्हॉइड पॉइंटर देता येतो, त्यात धिस द्या आणि स्टॅटिक फंक्शनमध्ये तो परत कास्ट करा.

दुसरं, ग्लोबल ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टर मेनच्या आधी चालतात. रिसेट हँडलर डेटा कॉपी करतो, बीएसएस शून्य करतो, मग कन्स्ट्रक्टरांची यादी चालवतो आणि त्यानंतर मेन. तुमच्या पोर्टचं क्लॉक मेनमध्ये चालू होतं, त्याआधी पिनवर लिहिलेलं हवेत जातं. क्यूचं तर अजून खोल आहे. फ्रीआरटीओएसच्या कॉर्टेक्स-एम पोर्टमध्ये शेड्युलर सुरू व्हायच्या आधी क्रिटिकल सेक्शन (इंटरप्ट बंद ठेवून चालणारा भाग) वापरणारं कुठलंही फंक्शन बोलावलं तर बाहेर पडताना इंटरप्ट परत उघडत नाहीत, शेड्युलर सुरू झाल्यावरच उघडतात. अर्धवट तयार असलेल्या टास्कवर इंटरप्ट येऊ नये म्हणून ते मुद्दाम तसं केलंय. पण हॅल-डिले टिकच्या इंटरप्टवर मोजतो, तो येतच नाही, म्हणून डिले संपत नाही.

दोन्हींचा उपाय एकच आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त पिन नंबर, रेफरन्स असले आकडे ठेवून घ्यायचे, हार्डवेअरला हात लावायचा नाही. वेगळं सुरू नावाचं फंक्शन करा आणि मेनमध्ये क्लॉक लागल्यावर आपल्याला हव्या त्या क्रमाने बोलवा, क्यू वगैरे सगळे डिले उरकल्यानंतर. अर्डुइनोमध्ये सिरियल ऑब्जेक्ट आपोआप असतो तरी बिगिन लिहावं लागतं ना, ते याच्याचसाठी. क्रम आपल्या हातात ठेवायचं अजून एक कारण, दोन वेगळ्या फाइलमधल्या ग्लोबल ऑब्जेक्टपैकी कुणाचा कन्स्ट्रक्टर आधी चालेल याची भाषा हमीच देत नाही.

आणि रिलेबद्दल कळकळीने एक, रिसेटनंतर सॉफ्टवेअर जागं होईपर्यंत पिन तरंगती असते. तिला बोर्डवर पुल-डाउन रेझिस्टर असलाच पाहिजे, ते काम कुठल्याच भाषेवर सोडू नका.

—

सातारची_फर्मवेअरवाली यांचं उत्तर:

मी मेडिकल उपकरणांच्या फर्मवेअरमध्ये आहे, इन्फ्युजन पंप वगैरे. सगळी चर्चा वाचली, एक मोठी बाजू राहिलीय ती म्हणजे एकाच ऑब्जेक्टला दोन टास्कनी हात लावणं.

डेटा प्रायव्हेट केला की तो सुरक्षित झाला असं क्लास शिकताना मनात बसतं. प्रायव्हेट हे फक्त कोड लिहिणाऱ्यासाठी आहे, टास्कसाठी नाही. दोन टास्क एकाच ऑब्जेक्टचं पब्लिक फंक्शन एकाच वेळी चालवू शकतात आणि आतला प्रायव्हेट डेटा अर्धा नवा अर्धा जुना होऊन बसतो. मग लोक प्रत्येक फंक्शनच्या आत म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला आत सोडणारं कुलूप) घालतात, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचा टास्क एका साध्या दिसणाऱ्या फंक्शनमध्ये खालच्या टास्कची वाट बघत बसतो. नासाचं मार्स पाथफाइंडर यान १९९७ मध्ये मंगळावर उतरल्यावर परत परत रिसेट होत होतं ते ह्याच जातीचं. हवामानाचा कमी प्रायोरिटीचा टास्क म्युटेक्स धरून बसलेला, बस सांभाळणारा वरचा टास्क त्याच म्युटेक्सची वाट बघतोय आणि मधल्या प्रायोरिटीचं काम खालच्याला चालूच देत नाही, शेवटी वॉचडॉग (काम अडकलं की रिसेट करणारा पहारेकरी) सगळं रिसेट करायचा. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या आरटीओएसमध्ये त्या म्युटेक्सचं प्रायोरिटी इन्हेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची प्रायोरिटी तात्पुरती देणं) बंद होतं, ते पृथ्वीवरून चालू केल्यावर थांबलं. तुमच्या फ्रीआरटीओएसमध्ये म्युटेक्सला प्रायोरिटी इन्हेरिटन्स असतं, बायनरी सेमाफोरला नसतं, तेव्हा कुलूप म्हणून सेमाफोर वापरलाय का ते आजच बघून घ्या. सी++ चा इथे खरा फायदा होतो, कुलूप घेणारा एक छोटा गार्ड क्लास, कन्स्ट्रक्टरमध्ये घेतो, डिस्ट्रक्टरमध्ये सोडतो. मधेच रिटर्न लिहिलं तरी कुलूप सुटतंच. सी मध्ये हे प्रत्येक रिटर्नच्या आधी आठवणीने लिहावं लागतं.

पण मी तुम्हाला त्याच्याही पुढचं सुचवेन, अॅक्टिव्ह ऑब्जेक्ट. प्रत्येक मोठ्या ऑब्जेक्टला स्वतःचा टास्क आणि स्वतःची क्यू द्यायची. बाहेरचे त्याची फंक्शन बोलवत नाहीत, क्यूमध्ये निरोप टाकून निघून जातात. तो एकेक निरोप उचलतो, पूर्ण करतो, मगच पुढचा घेतो. तहसीलच्या एका खिडकीसारखं, रांग किती का असेना, आतली फाइल एका वेळी एकच माणूस हाताळतो. आतल्या डेटाला कुलूपच लागत नाही, कारण त्याला हात लावणारा एकच. म्युनिकच्या दादांचा मॉडेम पाच सेकंद अडकला तरी तो त्याच्या टास्कमध्ये अडकेल, ड्राय रन बघणारा आपलं काम करत राहील. आतलं वागणं स्टेट मशीनने (कोणत्या अवस्थेत कोणती घटना आली की काय करायचं याच्या आराखड्याने) लिहायचं, डेव्हिड हारेल यांचे स्टेटचार्ट १९८७ मध्ये आले ते अशाच घटनांवर चालणाऱ्या सिस्टिमसाठी, आणि १९९४ मधली ब्रॅन सेलिक आणि सहकाऱ्यांची रूम ही पद्धत म्हणजे रिअल टाइमसाठी ऑब्जेक्ट असेच बांधायचे, निरोपांवर चालणारे आणि आत स्टेट मशीन असलेले. मला यात फार समाधान वाटतं की हे काही नवीन फॅड नाही. ऑब्जेक्टची कल्पना साठच्या दशकात नॉर्वेत सिम्युला भाषेत जन्मली तेव्हा तिथले ऑब्जेक्ट स्वतःच्या चालीने चालणाऱ्या प्रक्रियाच होते. नंतरच्या भाषांनी ती चाल सोडून दिली आणि आपण एम्बेडेडवाले ती परत आणतोय.

रॅमचा हिशोब मात्र करा. प्रत्येक टास्कला स्टॅक लागतो आणि तुमच्याकडे २० केबीच आहे. मॉडेम, व्हॉल्व्ह-वेळापत्रक, मोटर असे तीनच अॅक्टिव्ह ऑब्जेक्ट करा, सेन्सर आणि रिले हे त्यांच्या पोटातले साधे ऑब्जेक्ट राहू देत. फ्रीआरटीओएसमध्ये स्टॅक किती खालपर्यंत वापरला गेला ते सांगणारं हाय-वॉटर-मार्कचं फंक्शन आहे, रात्रभर चालवून आकडा बघा आणि मगच स्टॅकची मापं ठरवा. क्यू भरली तर काय करायचं तेही आधी ठरवा. मोबाईलचा मेसेज गळला तर चालेल, मोटर बंदचा निरोप गळून चालणार नाही.

आणि इंटरफेस कशासाठी करायचे याचं माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे, ते म्हणजे टेस्ट. मोटरचा क्लास जर स्टार्टर, करंट सेन्सर आणि घड्याळ यांचे इंटरफेस बाहेरून घेत असेल तर तोच कोड लॅपटॉपवर चालतो. खोटं घड्याळ द्या, खोटा सेन्सर द्या, स्टार-डेल्टाची बदली होत असताना मध्येच एक फेज काढून घ्या, तिन्ही फेज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होते का ते बघा, लाइट दहा वेळा ये-जा करू द्या. खऱ्या मोटरवर हे करायला दिवस जातील आणि मोटरही जाईल. लॅपटॉपवर सेकंदात होतं आणि रोज होतं. गूगलटेस्ट किंवा सीपीपीयूटेस्ट, काहीही घ्या.

—

कोल्हापूरचा_सी:

ताई, गार्ड क्लास आणि लॅपटॉपवरच्या टेस्ट या दोन्हींवर माझं काही म्हणणं नाही. टेस्ट सी मध्येही ऑप्स स्ट्रक्चर बदलून होतात, पण कुलूप आपोआप सुटणं हे सी मध्ये मिळत नाही, ते मान्य. अॅक्टिव्ह ऑब्जेक्ट तर मी सी मध्येच वापरतो, त्याला भाषेचं बंधन नाही.

एक आग्रह मात्र राहील, ठिबकवाल्यांनी फेज बघणारा भाग या सगळ्याच्या बाहेर ठेवावा. टायमरच्या इंटरप्टमध्ये तिन्ही फेजचे सॅम्पल, साधी तुलना, आणि फेज गेला की थेट रजिस्टरवर लिहून रिले बंद. व्हर्च्युअल नाही, क्यू नाही, म्युटेक्स नाही, मग बाकीच्यांना निरोप पाठवा की मोटर बंद केलीय. कुणी पुढच्या वर्षी क्लासची मांडणी कितीही बदलली तरी त्या तीस-चाळीस ओळी तशाच राहतील आणि एका नजरेत तपासता येतील.

—

म्युनिकहून_एक:

याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्याकडेही सुरक्षेचा भाग असाच छोटा आणि वेगळा ठेवतात. फक्त तो सी++ फाइलमध्ये असला तरी काही बिघडत नाही, व्हर्च्युअल नसलेला क्लास आणि सी मधलं स्ट्रक्चर यांचं मशीन कोड सारखंच निघतं.

—

ठिबकवाला:

मग आमचं ठरलं असं लिहितो, चुकत असेल तर टोका. फेजचा भाग इंटरप्टमध्ये साधा. मोटर, व्हॉल्व्ह-वेळापत्रक आणि मॉडेम हे तीन अॅक्टिव्ह ऑब्जेक्ट. स्टार्टर, सेन्सर, मॉडेमचा ड्रायव्हर यांना एकेक इंटरफेस, एकाच पातळीचं इन्हेरिटन्स, हेडरमध्ये वेळेची मर्यादा लिहिलेली. सगळं स्टॅटिक. सीनियर सरांनी एक अट घातलीय, बिल्ड सर्व्हरने मॅप फाइलमध्ये मॅलॉक सापडला तर बिल्ड फेल करायचा, ती मला फार आवडली.

शेवटचं एक विचारतो. आमचा एक स्वस्तातला सिंगल फेज मॉडेल आहे, एटीमेगा३२८ वर, मॉडेम नाही. तिथेही हेच इंटरफेस आणि हाच कोड वापरता येईल का? दोन वेगळे कोड सांभाळायची इच्छा नाहीये.

—

मॅपफाइल_वाचक:

वापरता येईल पण तिथे व्हर्च्युअल टाळा, कारण ठोस आहे. त्या चिपमध्ये प्रोग्रॅमची मेमरी आणि डेटाची मेमरी यांचे पत्तेच वेगळे, साध्या लोडने फ्लॅश वाचताच येत नाही. म्हणून त्या चिपचा कंपायलर एव्हीआर-जीसीसी व्हीटेबल फ्लॅशमध्ये न ठेवता सुरुवातीला रॅममध्ये कॉपी करतो, आणि रॅम आहे फक्त २ केबी. प्रत्येक क्लासचं टेबल त्यातून जागा खाणार, दर फंक्शनमागे दोन बाइट, वर प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये दोन बाइटचा पॉइंटर.

तिथे स्टार्टर एकच, सेन्सर एकच, बिल्ड करतानाच माहीत. मोटरचा क्लास टेम्प्लेट करा, स्टार्टर आणि सेन्सर टाइप म्हणून द्या, एसटीएम३२ च्या बिल्डमध्ये त्या जागी इंटरफेस द्या आणि एटीमेगाच्या बिल्डमध्ये थेट प्रत्यक्ष क्लास. मोटरचं लॉजिक एकाच फाइलमध्ये राहतं. तीन टास्क मात्र २ केबीत बसवायच्या फंदात पडू नका, साधा लूप ठेवून तेच निरोप त्याच क्रमाने हाताळा, स्टेट मशीनला आपल्याला कोण चालवतंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. आणि अर्डुइनोची लायब्ररी वापरत असाल तर तिचा स्ट्रिंग क्लास आधी काढून टाका, तो हीपवर चालतो आणि २ केबीत तुकडे व्हायला वेळ लागत नाही. मजकूर फ्लॅशमध्ये ठेवायला एफ मॅक्रो आहे, तो लावा.